दोन बोटं उजवीकडे

पेनला टोपण नव्हतं, शाई नव्हती, टोकाशी नुसता राखाडी रबराचा बोंडा – आणि तरी मघापासून तिचा अंगठा नसलेलं टोपण लावायला धडपडत होता. शाळेतल्या डिजिटल फळ्याचं हे पेन चुकून तिच्या पर्समध्ये आलं होतं. सकाळचा सराव पाठ संपला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, वह्या, पिशवी, पाण्याची बाटली... त्या घाईत कधीतरी. कुणाच्या तरी हाती परत पाठवायला हवं. त्या शाळेतलं तिचं जाणं आता संपलं होतं. आजचा शेवटचा पाठ.

अध्यापक महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ती एकटीच उरली होती. बाकीच्यांचं काम आटोपलं होतं, खुर्च्या जशा सोडल्या तशा तिरक्या पडल्या होत्या. समोर पडद्यावर तिच्याच पाठाचं चित्रण. पस्तीस मिनिटांतली सलग दहा निवडायची, कापायची, आणि पाच वाजायच्या आत मार्गदर्शक बाईंना पाठवायची. 'वर्गात तंत्रज्ञानाचा वापर', गुण वीस. सोबत स्वतःच्या पाठाबद्दल स्वतः लिहिलेल्या चार ओळी. अकरा वर्षांची कचेरीतली नोकरी सोडून, छत्तिसाव्या वर्षी, 'आता या वयात कसलं शिकणं घेऊन बसलीस' हे आईचं रोजचं पालुपद ऐकत ती शिक्षिका व्हायला निघाली होती, आणि हे वीस गुण तिला हवे होते. उगाच का खोटं बोला, फार हवे होते.

आणि मिळणारही होते. तो फळा म्हणजे नाठाळच प्रकरण. पेन टेकवावं एका जागी आणि रेघ उमटावी दोन बोटं डावीकडे. पहिल्या दिवशी तिने काढलेला बाण ढगाऐवजी सूर्याच्या पोटात घुसला होता, मुलं खो-खो हसली होती, तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मग शाळा सुटल्यावर आठ दिवस, रिकाम्या वर्गात, ती दोन बोटं उजवीकडे लिहीत राहिली. हात बसला. आज तळ्यातलं पाणी, वाफ, ढग, पाऊस – एकेक बाण नेमका जिथे हवा तिथे. शेवटच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक बाई निघताना म्हणाल्या, "फळा अगदी मुठीत आलाय हो तुमच्या." तिचा जीव भांड्यात पडला. दुपारचा डबासुद्धा तिने आज चवीने खाल्ला होता.

पण चित्रणात आठव्या मिनिटाला एक हात वर गेला होता.

चित्रण करणारा फोन मागच्या बाकावर दप्तरांच्या ढिगाला टेकवून ठेवलेला, त्यामुळे चित्रणात सगळ्यांच्या पाठीच पाठी. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडे, एक वेणी आणि तिच्या शेजारून सरळ वर गेलेला हात. पुढे फळ्याशी आणखी एक पाठ – हिची स्वतःची. स्वतःची पाठ तिने अशी कधी पाहिलीच नव्हती. ब्लाउजवर घामाचा डाग, केसांची क्लिप सैल झालेली, आणि मान... मान सतत फळ्याकडे. मधूनमधून "कळलं ना?" असं ती विचारते आहे, खणखणीत आवाजात, मुलं "हो" म्हणत आहेत, आणि ती बघते आहे पेनाच्या टोकाकडे आणि रेघेकडे, त्या मधल्या दोन बोटांच्या फटीकडे, डोळ्यांत तेल घालून. मुलीने हात बदलला. मग कोपर दुसऱ्या हाताच्या तळव्यावर टेकवलं. मग हात हळूहळू झुकला आणि वेणीमागे दिसेनासा झाला. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिने तीनदा मोजली होती.

वर्गमैत्रिणीला तिने फोन केला. सकाळी चित्रणाचा फोन दप्तरांना टेकवून ठेवला होता तो या मैत्रिणीनेच.

"अगं, मग बाराव्या मिनिटापासून घे की. एवढा काय विचार?"

"तिला काय विचारायचं असेल गं?"

"बाहेर जायचं असेल. निम्म्या वेळा मुलांना बाहेरच जायचं असतं."

ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही. बाहेर जायचं असेल तर... तरी तीन मिनिटं चाळीस सेकंद? आणि नसेल तर? त्या वेळी फळ्यावर तळ्यातून वर निघालेला निळा थेंब होता. तोच थेंब परत त्याच तळ्यात पडतो का, असं काही? की शेजारणीने पट्टी घेतली, एवढंच? ती चेहरा आठवू लागली. तिसरी रांग, भिंतीकडे... एक नाक नाही, एक डोळा नाही. आठ दिवस मी त्या वर्गात होते आणि फळ्याचा प्रत्येक ओरखडा मला सांगता येईल.

ती स्वतः तिसरीत असतानाच्या बाई – त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, शिकवणं इतकं संथ की दुपारी निम्मा वर्ग पेंगायचा. पण एक ओळ लिहिली की त्या मागे वळायच्या. एक ओळ, एक नजर. एकदा रिबीन सुटली म्हणून हिने हात डोक्याकडे नेला, आणि बाई वळल्या, "काय गं?" काही विचारायचं नव्हतंच. पण बाई खडू हातात धरून थांबल्या, थांबूनच राहिल्या, आणि मग हिला काहीतरी विचारावंसं वाटलं. काय विचारलं ते गेलं विसरून. ते "काय गं" तेवढं राहिलं.

पाचला अकरा मिनिटं कमी. कात्रीचं चिन्ह बाराव्या मिनिटावर उभं होतं. एकदा टिचकी मारली की तो हात कधी वर गेलाच नव्हता. 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम होता.' हे वाक्य तिने जेवणाआधीच लिहून ठेवलं होतं.

तिने चित्रण पुन्हा आठव्या मिनिटावर नेलं. हात वर झाला आणि तिनेही आपला हात वर केला. नुसतंच... किती वेळ होतो ते बघावं म्हणून. पहिलं मिनिट काहीच नाही. मग बोटांतून मुंग्या, मग खांद्यात कळ. तिने हात बदलला. तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या हाताचा तळवा आपोआप कोपराखाली येऊन बसला, अगदी त्या मुलीसारखा. पडद्यावरचा हात खाली गेला. ती पाठमोरी बाई पुढचा बाण काढत होती, दोन बोटं उजवीकडे, अगदी अचूक.

"काय हो मॅडम?"

दारात शिपाईकाका, हातात किल्ल्यांचा जुडगा. कुलूप लावायला आले होते. तिच्या वर धरलेल्या हाताकडे बघत होते.

"काय झालं? काही हवंय का?"

लागलीच. बघितल्याबरोबर विचारलं त्यांनी.

"काका, थांबा हं जरा," ती म्हणाली. "सांगते."

काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. काका मात्र चौकटीला टेकून थांबले होते, आणि हात भरून आला होता तरी तिने तो अजून खाली घेतला नव्हता.