दोन मिनिटांची कोंबडी

मित्रांनो, माझ्या पोटात एक तास मावतो. त्याहून एक मिनिटही जास्त नाही. मी एक जुनी कोंबडी आहे; दाणे न टिपणारी, अंडं न घालणारी, पत्र्याची. माझ्या कमरेभोवती शून्यापासून साठपर्यंत आकडे आहेत. वरचं अंग धरून फिरवलं की मी टिकटिकू लागते आणि वेळ सरली की खणखणते. भट्टीतला पाव करपू नये म्हणून माझा जन्म.

घड्याळांच्या कारखान्यात माझे डोळे रंगवणाऱ्या बाईला त्या क्षणी शिंक आली असावी. माझा उजवा डोळा जरा वर सरकला. म्हणून मी सतत काहीतरी विचारते आहे असं दिसतं. खरं सांगू? मी विचारतच असते.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका नदीकाठच्या गिरणीच्या गावात, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं. माझी मालकीण क्लॉडेट. गिरणीत ती माग चालवायची, गिरणी बंद पडल्यावर ती चर्चचा चुलखंड सांभाळू लागली. सगळं गाव तिला मेमेर म्हणजे आजी म्हणे. दर शनिवारी तळघरात बीन्सचं जेवण असायचं. काकवी घातलेल्या बीन्सची मोठमोठी मातीची भांडी भट्टीतून निघायची, सोबत डब्यात उकडलेला तपकिरी पाव. मेमेर पाहुण्यांना सांगायची, "आमच्या पाद्रीबाबांचं प्रवचन लांबतं, पण माझी कोंबडी कधी लांबवत नाही." मी लाजायचे. पत्र्याला लाजता येतं का, असं विचारू नका.

मग नवी भट्टी आली. तिची घंटा तिच्याच पोटात. मी फळीवर गेले, तडकलेल्या किटलीशेजारी. पाठीवर पिठाची धूळ साचली. किटली बोलायची नाही आणि मला तर प्रश्न पडायचे.

एका हिवाळ्यात तळघरात तरुण मुलं येऊ लागली. एकूण तेरा. सगळ्यात लहान सोळाची, सगळ्यात मोठा तेवीसचा. त्यांच्या मंडळाचं नाव 'उद्याची नदी'. शहराची किंवा राज्याची निवडणूक आली की ही मुलं उमेदवारांना बोलवायची, प्रश्न विचारायची आणि मग घरोघर जाऊन सांगायची, आमचा पाठिंबा या माणसाला. भाडेकरूंच्या बाजूने कोण, नदी स्वच्छ कोण ठेवील, शाळेत सगळ्या पोरांना जेवण कोण देईल, हे त्यांचे प्रश्न. त्यांच्यातल्या पाचजणांना मत द्यायचं वय नव्हतं, पण दार ठोठावायला वय लागत नाही. मला मोठं कुतूहल वाटलं. पाठिंबा म्हणजे नक्की काय शिजतं? त्याला किती मिनिटं लागतात?

मंडळाची अध्यक्ष इफ्रा. वीस वर्षांची, शब्द मोजून बोलणारी. तिची आई साहरा नदीपलीकडच्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. पाळी सुटायची रात्री नऊला आणि शेवटची बस जायची संध्याकाळी पावणेसातला. बर्फात, वाऱ्यात ती माउली पूल चालत ओलांडायची. मागच्या जानेवारीत पुलावर पडली, मनगट मोडलं, आणि प्लास्टर घालून पुन्हा चालू लागली. इफ्राला एकच गोष्ट हवी होती : नऊनंतर एक बस.

त्या शनिवारी दुपारी नगरसभेच्या पाचव्या वॉर्डाचे दोन उमेदवार यायचे होते. वेळ मोजायला फोन ठेवला, तर त्यावर सारखे निरोप वाजायचे. मेमेरने मला फळीवरून उतरवलं, पदराने पुसावं तसं ॲप्रनने पुसलं आणि म्हणाली, "ही घ्या. हिला कुणाचे फोन येत नाहीत."

केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पहिले आले ग्रँट हॅस्केल. वकील. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. प्रश्न एकच : निवडून आलात तर पहिल्या वर्षी काय कराल? उत्तराला दोन मिनिटं. इफ्राने मला शून्यावरून थेट दोनवर आणून ठेवलं.

मित्रांनो, इथेच चुकलं. माझी स्प्रिंग जुन्या पद्धतीची. थोडा वेळ हवा असला, तरी मला आधी दहाच्या पुढे फिरवायचं आणि मग मागे आणायचं. तरच घंटेला ताण मिळतो. नाहीतर मी टिकटिकते आणि गुपचूप थांबते. बीन्स रांधणाऱ्या बायकांना हे ठाऊक, या पोरांना कसं असणार? दोन मिनिटं सरली. मी गप्प. हॅस्केल बोलत राहिले. घरभाडं, नदी, शाळा, झाडं. या मंडळात टाळ्या वाजवत नसत, बोलण्यात खंड पडू नये म्हणून चुटक्या वाजवत. चुटक्यांचा नुसता पाऊस! सात मिनिटं झाली. मी आतल्या आत ओरडत होते, पण ताण नसलेली घंटा ओरडते कुठे?

इतक्यात भांडं न्यायला मेमेर आली आणि हॅस्केल थांबले. "माझी कोंबडी मुकी का झाली गं? असं नाही फिरवायचं, पोरी. दहाच्या पुढे ने, मग मागे आण." तिने करून दाखवलं. पोरं हसली. पुढची उमेदवार आत आली.

ती डार्लीन पेल्की. चार नंबरची बस चालवायची. अंगावर गणवेश, हातात बसच्या किल्ल्या. बोलायची सवय नाही, सुरुवातीला नुसतीच खोकली. मी टिकटिकत मनात म्हणत होते :

एक मिनिट सरलं, दुसरं दारात,
सांग बाई सांग, काय तुझ्या मनात.

"माझ्या बसमध्ये पावणेसातला ज्या बाया चढतात ना," ती म्हणाली, "त्यातल्या निम्म्या मला विचारतात, परत कशाने येऊ? मी हिशेब करून पाहिलाय. दुपारी रिकाम्या धावणाऱ्या दोन फेऱ्या जर आपण..."

खण्ण!

मी वाजले. चोख दोन मिनिटांनी वाजले. डार्लीनने तोंड मिटलं आणि ती खाली बसली. बस चालवणारी बाई, वेळ पाळणारच.

चिठ्ठ्या बीन्सच्या रिकाम्या भांड्यात पडल्या. पाठिंब्यासाठी तेरातली आठ मतं लागत. हॅस्केलना नऊ, डार्लीनला तीन, एक कोरी. सोमवारी पत्रकं छापायला जायची होती.

रविवारी दुपारी सगळी पुन्हा जमली. रेमी नावाचा मुलगा सभेचं टिपण वेळेसकट लिहायचा, त्याने कागद इफ्रापुढे ठेवले. हॅस्केलची तीन पानं. डार्लीनच्या नऊ ओळी. इफ्राने दोन्हींवरच्या वेळा ताडून पाहिल्या. मग उठून माझ्याकडे आली, मला थेट दोनवर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मी टिकटिकले. थांबले. वाजले नाही.

"आपण हॅस्केलना सात मिनिटं दिली," ती वळून म्हणाली. "आणि डार्लीनला दोन. काल मेमेरने कोंबडी दुरुस्त केली आणि आपण हसून पुढे गेलो."

लिबान हा मंडळातला सगळ्यात तिखट जिभेचा. "वा अध्यक्षबाई! तुझी उमेदवार हरली म्हणून आता कोंबडीवर खटला?"

"माझी उमेदवार कशावरून?"

"तुझी आई तिच्याच बसने जाते. अख्ख्या गावाला माहितीय."

"जाते," इफ्रा म्हणाली. "म्हणून तर मी काल चर्चेत एक शब्द बोलले नाही. आजही मत बदला म्हणत नाही. उरलेली पाच मिनिटं तिची आहेत, ती तिला द्या, एवढंच. नंतर पुन्हा हॅस्केलच जिंकले, तर पहिलं पत्रक मी वाटेन."

"आणि हॅस्केल चिडले तर?"

"विचारू की त्यांनाच."

फोन लावला. हॅस्केल हसले. "सात? माझी बायको म्हणते ते खरंच आहे तर! द्या त्यांना वेळ. माझी काही हरकत नाही."

डार्लीन दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत आली. समोशासारख्या सांबूशांचं ताट पुढे केलं तर म्हणाली, "नको रे, स्टिअरिंगला तेल लागेल." या वेळी लिबानने मला फिरवलं. दहाच्या पुढे, मग मागे, पाचवर. चक्क हळुवार.

डार्लीनने कालचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं. दुपारच्या दोन रिकाम्या फेऱ्या काढून सव्वानऊला एक बस कशी सोडता येईल, कोणत्या थांब्यावर किती बाया उतरतील, हे तिने बोटांवर सांगितलं. तिसऱ्या मिनिटाला संपवलं. "माझं झालं. उरलेला वेळ तुम्ही बोला. तुम्ही कुठे उतरता, तेही मला कळू दे."

हा प्रश्न त्यांना आजवर एकाही उमेदवाराने विचारला नव्हता. क्षणभर सगळे माझ्यासारखे दिसले, एक डोळा वर.

भांडं पुन्हा फिरलं. डार्लीनला आठ, हॅस्केलना चार, एक कोरी. बरोबर आठ! लिबान म्हणाला, "आठवं मत कुणाचं ते विचारू नका," आणि कुणीही विचारलं नाही.

मुलांनी तीन आठवडे दारं ठोठावली. डार्लीन अकरा मतांनी निवडून आली. तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. मलाही वाटलं होतं. पण नगरसभेत घासाघीस झाली आणि बस सुरू झाली ती साडेआठपर्यंतच. साहराची पाळी सुटायची नऊला. ती अजून पूल चालतच होती.

वर्षभराने मुलांनी डार्लीनला त्याच तळघरात बोलावलं. पाठिंबा देऊन विसरायचं नाही, हा त्यांचा नियम. या वेळी मेमेरशेजारी साहराही बसली होती, मनगट मांडीवर ठेवून. इफ्राने मला हातात घेतलं.

"बाई, प्रश्न एकच. बस साडेआठलाच का थांबते? दोन मिनिटं."

डार्लीनने आधी साहराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दहाच्या पुढे फिरवलीस ना गं?"

"फिरवली."

"मग वाजू दे. वाजली की उत्तर संपलेलं असेल, आणि नसेल तर मी पुढच्या शनिवारी परत येईन."

ती परत आली. चार शनिवार आली. पाचव्या शनिवारी सव्वानऊची बस पुलावरून गेली. तिच्यात साहरा बसली होती, हे मला इफ्राच्या चेहऱ्यावरून कळलं.

मित्रांनो, आता माझी घंटा बसत चालली आहे. पाठिंबा शिजायला किती मिनिटं लागतात, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. दोन नक्कीच पुरत नाहीत. एक विनंती मात्र करते. माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असली तर तिची रीत आधी विचारून घ्या, मग फिरवा. आणि कुणाचं बोलणं थांबवायची वेळ आली, तर आधीच्या माणसाला किती वेळ दिला होता, ते एकदा आठवून पाहा.

एवढंच. माझी वेळ सरली. खण्ण!