दोरीच्या आतली अंडी

"माणसाला टेकायला जागा नाही, आणि कासवांना सी-फेसिंग!" पहिल्या रांगेतली खुर्ची उघडता उघडता खुर्चीवाला पुटपुटला. पुटपुटला म्हणजे बायकोला ऐकू जाईल इतपतच. एवढ्या वर्षांच्या संसारात आवाजाचं माप बरोबर बसतं.

कासववालीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तिचंही माप बसलेलं होतं.

किनाऱ्याचा हा तुकडा सांभाळायचं काम तिचं. सकाळी वाळूत मादीच्या खुणा शोधायच्या, पर्यटकांच्या पायाखाली येतील अशी अंडी उचलून दोरी बांधलेल्या जागेत पुरायची, आणि पिल्लं निघेपर्यंत लोकांशी भांडत बसायचं. नवरा त्याच वाळूवर छत्र्या-खुर्च्या भाड्याने द्यायचा. म्हणजे ज्याला नवरा 'या, बसा' म्हणायचा, त्यालाच बायको 'उठा इथून' म्हणायची. घरी मात्र दोघं एकाच कपातला चहा बशीत ओतून घ्यायची.

दोरीच्या आत सध्या एकच घरटं होतं आणि त्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. वर माशा घोंगावायला लागल्या होत्या. वारा फिरला की वासही यायचा. उकरून बघायचं रोज उद्यावर जात होतं, कारण दोरीला टेकून एका मोडक्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या असायच्या.

सासरे गेल्यापासून सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण मुलाकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आल्यावर त्याही सुटल्या. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी कंटाळून सुनेने त्यांना किनाऱ्यावर आणून बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर बाई चपला घालून दारात उभी. "चल गं लवकर, पोरं एकटी आहेत तिकडे."

तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, "आज-उद्याच निघतील हो. आई पहिलटकरीण असेल, वेळ लागतो." लोक त्यांचेच फोटो काढायचे.

घरटं पुरल्यावर काही दिवसांनी कासववाली खोलीवर जाऊन परत आली, तर सासूबाई दोरीच्या आत, कोपरापर्यंत वाळूत. उठल्या तेव्हा चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "फिरवून ठेवली. खालची बाजू वर करावी लागते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून बसतं."

कोंबडीचं अगदी असंच असतं. कासवाचं पिल्लू मात्र चिकटूनच वाढतं. अंडं एकदा वाळूत बसलं की हलवायचं नाही, उलटलं की आतला जीव संपला. त्या संध्याकाळी तिने हे नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला कांदा चिरून संपवला. मग म्हणाला, "आईला नको सांगूस. आत्ता कुठे दोन घास खायला लागलीय."

झालं. दोघं गप्प बसली, आणि गप्प बसायचंही दुसरं एक काम होऊन बसलं.

"अगं ए!" खुर्चीवाला आता दुसऱ्या रांगेतून ओरडत होता. "इकडे ये. तुझी पाहुणी माझ्या खुर्चीखाली येऊन गेलीय बघ."

खरंच होतं. पाण्यापासून निघालेला ओढल्यासारखा रुंद पट्टा थेट छत्र्यांमध्ये शिरला होता. ती गुडघ्यावर बसली, वाळू बाजूला केली. ताजी अंडी होती, पांढरी, मऊ. अंडी ताजी आहेत तोवरच ती हलवता येत होती. जशी होती तशीच, एकेक उचलून तिने ती बादलीतल्या वाळूवर ठेवली. नवऱ्याने कुरकुरत का होईना, वर छत्री धरली. जुन्या घरट्यापासून लांब, दोरीच्या आत, तिने नवा खड्डा खणला.

तोवर सासूबाई बाह्या सारून बादलीशी येऊन बसल्या होत्या.

"सर बाजूला, मी ठेवते. तुझे हात बघ कसे खरखरीत झालेत."

"राहू द्या आई, मी करते."

"मागच्या वेळी माझंच चुकलं गं. दोनदाच फिरवली. गुडघ्यांनी जीव काढला होता, कंटाळा केला. म्हणून तर रेंगाळलीत बिचारी. या वेळी सकाळ-संध्याकाळ फिरवीन, तू बघच."

"आई, चल, चहा घेऊ," मागून खुर्चीवाला घाईघाईने म्हणाला.

"चहा काय पळून चाललाय?"

काहीतरी सांगता आलं असतं. वनखात्याचे साहेब रागावतात म्हणावं, नाहीतर दोरीऐवजी जाळी लावून कुलूप घालावं, किंवा आईंना खोलीवर बसवावं, पुन्हा त्या भिंतीसमोर. पण मग उजाडल्यापासून मावळेपर्यंत म्हाताऱ्या बाईच्या हातांवर नजर ठेवायची, आणि उद्या नवी थाप शोधायची. कासववालीच्या अंगात तेवढं त्राण उरलं नव्हतं. ऊन चढत होतं.

सासूबाईंनी एक अंडं तळव्यावर घेतलं. जन्माच्या सवयीने त्यांचा अंगठा ते हळूच फिरवायला निघाला.

सुनेने मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं. नवऱ्याकडे बघितलं. छत्रीखालून त्याने मान हलवली: नको.

तिने ते अंडं जसंच्या तसं काढून घेतलं, खड्ड्यात ठेवलं आणि सासूबाईंच्या शेजारीच वाळूत बसली.

"ती रेंगाळलेली नाहीत, आई," ती म्हणाली. "मेलीत. तुम्ही फिरवलीत म्हणून मेलीत."