मागची सीट

दिवसभर मी वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकते. पाणी भरत नाही, पाणी जात नाही, मशीन नाचत नाचत दारापर्यंत आली, तुमचा माणूस येतो म्हणाला आणि आलाच नाही. सकाळी कानाला लागलेला हेडफोन संध्याकाळीच निघतो. एवढं झाल्यावर कुठलीही शहाणी बाई घरी येऊन कान मोकळे सोडेल. मी घरी येऊन दुसरा हेडफोन लावायचे आणि लढाऊ विमानात बसायचे.

हौस म्हणून नव्हे. हौस असायला अंगात जीव लागतो. मुलासाठी.

मुलगा सव्वीस वर्षांचा. चांगला नोकरीला होता, तर त्याचा अख्खा विभागच कंपनीने बंद केला. सुरुवातीला रोज अर्ज करायचा. मग एक दिवसाआड. मग दार लावून आत बसायला लागला तो बसलाच. आमचं बोलणं 'हो', 'नको' आणि 'ठेव तिथे' यावर आलं. जेवण दाराबाहेर ठेवायचं आणि ताट अर्धं परत उचलायचं. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, लेक लग्न होऊन लांब गेली, त्यामुळे डोकं धरून बसायला घरात मी एकटीच. ओरडून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, शेवटी हात टेकले.

दाराआडून मात्र त्याचा आवाज यायचा. कॉम्प्युटरवर तो विमान चालवायचा आणि त्याच्यासारख्याच कुठल्या कुठल्या खोल्यांत बसलेल्या माणसांशी बोलायचा. तिथे तो भरपूर बोलायचा, आणि खरं सांगते, मला त्या माणसांचा हेवा वाटायचा. एकदा ताट ठेवताना ऐकलं की त्याच्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला नोकरी लागली, तो आता येणार नाही. दोघांचं विमान आहे, मागे कोणी नसेल तर कॉम्प्युटरच मागचं काम करतो, पण त्यात मजा नाही, असं तो कोणाला तरी सांगत होता.

"मी बसते," मी बाहेरून म्हणाले.

मग दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत उभा. मी चेष्टा करत नाहीये हे कळल्यावर तो हसला. लेकीचा घराचे आराखडे काढायचा तगडा कॉम्प्युटर माझ्याच खोलीत धूळ खात पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो पुसून चालू करून दिला, आणि मी मागच्या सीटवर बसले.

मला वाटलं होतं बटण दाबलं की उडालं. छे. या खेळात विमान थंड, मेल्यासारखं मिळतं, आणि ते आपण खरोखरच्या क्रमाने जागं करायचं. आधी बाहेरून वीज मागायची, मग हवा, मग एक इंजिन, त्याचं तापमान बघत दुसरं. तो पुढे हे करत असताना मागे माझी वेगळी शंभर बटणं. प्रत्येकावर बारीक अक्षरं, आणि माझा चष्मा जवळचा की लांबचा हे चष्म्यालाही ठाऊक नाही. पहिले काही दिवस नाकी नऊ आले. कामावरून यायचं, पाय वर करून पडावंसं वाटायचं, आणि त्याऐवजी रडारचा पट्टा किती अंशांनी फिरवायचा हे पाठ करायचं.

यातली सगळ्यात चिवट गोष्ट अलाइनमेंटची. आपण जगात नेमके कुठे उभे आहोत हे विमानाला कळायला काही मिनिटं लागतात, आणि ते कळेपर्यंत त्याला जागचं हलवायचं नाही. काटा शेवटच्या खुणेला गेला की मागच्याने 'झालं' म्हणायचं, मग पुढे बसलेला ब्रेक सोडतो. आता, ग्राहकाला 'झालं, बघा आता' म्हणून कटवायची माझी वीस वर्षांची सवय. मी काटा अर्ध्यावर असतानाच 'झालं' म्हणाले. त्याने विश्वासाने ब्रेक सोडला. विमानाचा कायमचा गोंधळ झाला आणि परतताना आम्ही समुद्रावर धावपट्टी शोधत फिरलो.

मला वाटलं, संपलं, पुन्हा दार लागणार. पण तो चिडला नाही. माझ्या खोलीत आला, स्टूल ओढून बसला आणि तासभर समजावत राहिला. आत भोवरे असतात, ते पृथ्वीचं फिरणं ओळखतात, म्हणून वेळ लागतो. किती छान शिकवतो तो. तासभर माझा मुलगा माझ्याशी बोलत होता. तो असाच बसणार असेल तर तीच चूक रोज करायला माझी तयारी होती.

तेव्हाच त्याने मला इजेक्शनची लिव्हर दाखवली. विमान हातचं गेलं की हँडल ओढायचं, मग सीटसकट माणूस बाहेर फेकला जातो आणि पॅराशूट उघडतं. पुढच्याने ओढलं तर दोघं जातात. मागच्याने ओढलं तर काय होईल ते माझ्याकडची लिव्हर ठरवते. एका बाजूला 'दोघं', दुसऱ्या बाजूला 'फक्त मागचा'. ती कायम 'फक्त मागचा'वर ठेव, तो म्हणाला. तू घाबरून उगाच ओढशील आणि माझं धडधाकट विमान जाईल. घाबरट म्हणून माझी ख्याती आहेच. मी मान डोलावली, आणि निघायच्या आधी त्याने 'लिव्हर?' विचारलं की 'फक्त मागचा' असं म्हणायची सवय लावून घेतली.

असे काही महिने गेले. मी कामाची झाले. रडारवरच्या हिरव्या ठिपक्यांतून ढग कुठला आणि शत्रू कुठला ते ओळखायला लागले. त्याच्या गटातली पोरं मला मावशी म्हणू लागली. दमणूक मात्र संपेना. ऑफिसात एकदा एका बाईला मी मशीनची उंची किती हजार फूट असं विचारलं, आणि शेजारचीने पाणी आणून दिलं. घरी खेळ संपला की दार पुन्हा लागायचं, ताट पुन्हा अर्धं यायचं. पण रोज तासभर आवाज कानावर पडायचा, त्यावर मी दिवस ढकलत होते.

आम्ही पडायचोही पुष्कळदा. गोळा लागायचा, दिवे पेटायचे, भोंगा वाजायचा. मग तो म्हणायचा, "तू निघ." मी हँडल ओढायचे. पॅराशूटला लोंबकळत खाली बघायचे, तर विमान त्याच्यासह जात असायचं. समुद्रात, डोंगरात, कुठेही. मला वाटायचं, वाचवायला धडपडतोय. पण माझं सगळं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलंय. तक्रार करणारा खरा चिडलाय, की एकटा आहे म्हणून फोन करतोय, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. आणि 'तू निघ' म्हणताना माझ्या मुलाचा आवाज धडपडणाऱ्या माणसाचा नसायचा. तेवढ्या दोन शब्दांपुरता तो हलका असायचा. दिवसभरात दुसऱ्या कशाने तो तसा होत नसे.

मी हे ऐकत होते आणि ऐकू येत नसल्यासारखं करत होते.

त्यांच्या गटात एक शिकवणारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. एका रविवारी दुपारी मागच्या सीटवाल्यांची त्यांनी वेगळी शिकवणी घेतली. माझा पडदा त्यांना दिसत होता, लिव्हर बघून म्हणाले, ताई, ही 'दोघं'वर हवी, पुस्तकात तसंच आहे. पुढचा जखमी असेल तर त्याला कोण काढणार? मी मुलाने सांगितलेलं कारण सांगितलं. मास्तर हसले. म्हणाले, त्याचं काही ऐकू नका, त्याला उडी मारायचं वावडंच आहे. आमच्यात आल्यापासून त्याने एकदाही हँडल ओढलेलं नाही. आम्ही त्याला चिडवतो त्यावरून.

ते सहज बोलले. एकदाही नाही. पुढच्याने ओढलं तर दोघं सुटतात, तरी तो मला एकटीला जायला सांगायचा आणि स्वतः खाली जायचा, दर वेळी. मग एकेक आठवायला लागलं. त्याने सायकल मामेभावाला अशीच देऊन टाकली होती. कपाट आवरलं होतं, इतकं की मी शेजारणीकडे कौतुक केलं होतं. बहिणीला फोन करून लहानपणीच्या कसल्यातरी भांडणाची माफी मागितली होती आणि ती मला हसत सांगत होती, सुधारला गं तुझा लेक. आम्ही सगळ्या हसत होतो.

खेळ तो खेळ, मी स्वतःला म्हणाले. वीस वेळा म्हणाले.

संध्याकाळी आम्ही उडायचं ठरलं होतं. विमान जागं केलं. काटा पूर्ण खुणेला जाऊ दिला, मग 'झालं' म्हणाले. त्याने विचारलं, "लिव्हर?"

मी ती 'दोघं'वर ढकलली आणि म्हणाले, "फक्त मागचा."

तो लहान असल्यापासून त्याच्याशी मी जाणूनबुजून कधी खोटं बोलले नव्हते, औषध कडू असेल तर कडू आहे म्हणून सांगायचे. ढग होते, खाली समुद्र होता. मी ठिपके सांगत होते, तो वळत होता, सगळं नेहमीसारखं. मग मागून काहीतरी लागलं आणि डावं इंजिन पेटलं. एव्हाना मलाही कळत होतं की हे विमान एका इंजिनावर घरी जातं. आग विझवायची, उजवीकडचं जपायचं, सावकाश परत फिरायचं. त्यानेच शिकवलं होतं. मी आग विझवायची पायरी म्हणायला तोंड उघडलं.

"तू निघ," तो म्हणाला. तसाच, हलका.

मी हँडल ओढलं.

पडदा पांढरा झाला, मग निळा. माझं पॅराशूट उघडलं. मान वळवून शोधलं तर जरा खाली दुसरं पॅराशूट होतं. विमान रिकामं, एकटंच समुद्राकडे चाललं होतं. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, भिंतीपलीकडून.

तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. रागाने लाल झाला होता. म्हणाला, खोटं बोललीस. विमान आलं असतं घरी, एका इंजिनावर आलं असतं, तुला माहीत होतं.

"माहीत होतं," मी म्हणाले. "तुलाही माहीत होतं. मग मला निघ का म्हणालास?"

मी थांबले. फोनवर गप्प झालेल्या माणसाला मी लगेच काहीतरी विचारून सोडवते, ते या वेळी केलं नाही.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "खेळातली नाही. सकाळी कामावर जाते तेव्हा वाटते. संध्याकाळी कुलूप उघडताना तर किल्ली लागत नाही. तू जिवाचं काही करून घेशील असं वाटतं मला."

वाटलं ओरडेल. काहीतरीच काय, वेड लागलंय तुला, म्हणेल. म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

"मलापण वाटते," तो म्हणाला.

मग तो तिथेच खाली बसला, दाराला टेकून. मीही खुर्चीवरून उतरून त्याच्यासमोर बसले, गुडघे कुरकुरले. तो तुटक तुटक बोलत राहिला. विमानात पुढची पायरी कोणती ते ठरलेलं असतं. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचं तेच कळत नाही. झोप झाली तरी दमायला होतं. मी म्हणाले, ते दमणं मला माहीत आहे. मग लक्षात आलं, मला माहीत असलेलं दमणं झोपेने जातं. तसं त्याला सांगितलं.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं. खरंच विचारत होता, लहान असताना विचारायचा तसं.

मला माहीत नव्हतं. तेही सांगितलं. म्हटलं, उद्या मी सुट्टी घेते, दवाखान्यात जाऊ, ज्याला यातलं कळतं त्याला विचारू. तो म्हणाला, तुझ्या सुट्ट्या संपल्यात. म्हटलं, बिनपगारी घेईन, मशिनी नाचल्या तर नाचू देत एक दिवस.

तो म्हणाला, "आत डॉक्टरांकडे एकटा नाही जाणार मी."

"एकटं कोण पाठवतंय तुला," मी म्हणाले, आणि मग मात्र मला रडू आवरेना.