चांगला पाय आधी

मी पाय बोलतोय. उजवा. गुडघ्याखालचा, प्लास्टिकचा, तळवा रबराचा. हळहळायचं असेल तर पुढच्या दाराला जा.

बट्टाम्बांग शहरात, नकली पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत, मला भट्टीत तापवून साच्यावर ओढला. प्राक म्हाताऱ्याचा पहिला पाय शेतातल्या सुरुंगाने नेला. थोरला भाऊही त्यातच गेला. तेव्हापासून दरसाल पितरांच्या पंधरवड्यात म्हातारा विहाराच्या पाच पायऱ्या स्वतः चढतो आणि भावाच्या नावाने भिक्षूला भात वाढतो.

डावा पाय हाडामांसाचा, म्हणून मला कायम 'खोटा' म्हणायचा. गेल्या साली म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली. म्हटलं, आता बोल!

चार महिने दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या चन्थू नावाच्या पोरीने आम्हाला दोन आडव्या दांड्यांच्या मधून चालवलं.

"आजोबा, चढताना चांगला पाय आधी."

"चांगला कुठला गं? एक लुळा, एक खोटा!"

तिने आम्हा दोन्ही पायांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि टिचकी मारली. मला.

डावा आठवडाभर मुद्दाम फरफटत चालला.

पंधरवडा आला. पायरीशी सगळ्यांनी चपला काढल्या. म्हाताऱ्याची बायको येन, तिनेही सवयीने माझी चप्पल ओढली. इथेच घोळ झाला. मला बसवला होता चपलेच्या उंचीवर. ती गेली तशी टाच खाली गेली आणि मी म्हाताऱ्यासकट मागे कललो. येनने धरलं म्हणून वाचलो.

"चप्पल घालून वर येता येणार नाही," विहाराचे आचार्य म्हणाले. "आम्ही उचलून नेतो."

"मी काय भाताचं पोतं आहे? हात लावलात तर घरी जाईन!"

"आणि भावाला उपाशी ठेवाल?" येन कडाडली. तिने डोक्याचं चौकड्याचं फडकं सोडलं, घडी केली आणि माझ्या टाचेखाली करकचून बांधलं.

आचार्य दचकले. "अगं, डोक्यावरचं पायाखाली?"

"चाळीस वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावरच बसलाय. अहो, चढा आता!"

म्हाताऱ्याने काठी रोवली. "चांगला पाय आधी," तो पुटपुटला.

मी गेलो. डाव्याला मागून ओढून घेतलं. पाच वेळा. वर भात निम्मा पात्रात पडला, निम्मा आचार्यांच्या पायावर. पण वाढला त्यानेच.

ते फडकं अजून माझ्या टाचेला आहे, मळलंय. तुम्ही कुठे पायऱ्या बांधलात तर बाजूला कठडा तेवढा बांधा. बाकी काही नको.

आणि हो, उतरताना नियम उलटा असतो. अधू पाय आधी. त्या दिवशी मी डाव्याला म्हटलं, "या साहेब. आता तुमचा मान."