तीन बोटांचा माऊस

वस्तीवरच्या दूध डेअरीत गिरिजाबाईंनी अकरा वर्षं वही लिहिली, तीही तीन बोटांनी. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली होती. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत पेन धरून त्यांनी काढलेलं अक्षर बघून मास्तरांनी मान खाली घालावी. पण यंदा डेअरीत कॉम्प्युटर आला, मग अक्षराला कोण विचारतंय.

चेअरमन गौरीशंकरअण्णा देवभोळे. मशीन आलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यावर विभूतीचे पट्टे ओढले. माऊसचं तोंड कुठलं ते कळेना, म्हणून लाल दिवा लागतो तीच बाजू वर करून तिथं बोटभर विभूती फासली. मग काय, पडद्यावरचा बाण हलायचं नाव घेईना. अण्णांनी गिरिजाबाईंच्या हाताकडं पाहिलं.

"अक्का, हे काम पाच बोटांचं हाय," ते म्हणाले. "एक तारखेपातुर बघू, न्हायतर लोहारा गावातनं कॉम्प्युटर येणारा माणूस आणावा लागंल."

गिरिजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णा गेल्यावर त्यांनी माऊस उलटा केला आणि पदरानं विभूती पुसली. बाण पळू लागला. ही नोकरी सोडायची नाही, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

पण हात आडवा येतच होता. डावं बटण दाबायचं बोटच नव्हतं. उरलेलं बोट पडायचं उजव्या बटणावर, आणि पडद्यावर नको ती यादी उघडायची. डाव्या हातानं चालवावं तर तो दुधाच्या नमुन्याची बाटली धरण्यात गुंतलेला. त्यात माऊस सारखा निसटायचा. ज्यानं कुणी हे यंत्र घडवलं, त्यानं जगातले सगळे हात आपल्यासारखेच धरले होते. त्या माणसाचा त्यांना मनापासून राग आला.

रोज दूध गेलं की त्या तासभर बसायच्या. सेटिंगमधली एकेक खिडकी उघडून वाचायच्या. चौथ्या दिवशी दोन्ही बटणांची अदलाबदल करायची सोय सापडली. मग घरून कणकेचा गोळा आणला, माऊसला चिकटवला आणि त्यावर हात दाबून आकार घेतला. पहिल्यांदा गोळा बटणावर आला आणि ती यादी मिटेचना. दुसऱ्यांदा फारच मागं गेला. तिसऱ्यांदा हात बसला. तेवढाच उंचवटा त्यांनी नळाची गळती बुजवायच्या एमसीलचा केला आणि वाळू दिला.

एक तारखेला अण्णा येऊन पाठीशी उभे राहिले. बाहेर बासष्ट कॅन लागले होते. गिरिजाबाईंनी नाव निवडलं, गाय की म्हैस ते टिचकीनं सांगितलं, लिटर टाकले, पावती निघाली. मग पुढचं नाव. रोज रांगेत कुरकुरणारा चन्नबसप्पासुद्धा पावती घेऊन गुमान निघाला.

अण्णांना राहवेना. जरा मला बघू द्या म्हणत ते खुर्चीत बसले आणि पाची बोटांनी माऊस धरला. उंचवटा तळव्याला टोचला. बटण दाबलं तर नको ती यादी उघडली. तीनदा उघडली. रांग खोळंबली, मागं खसखस पिकली.

गिरिजाबाई पुढची बाटली धरून उभ्या होत्या. त्यांना अण्णांची थोडी कीवच आली.

"उठा अण्णा," त्या म्हणाल्या. "तुमाला दोन बोटं जास्त हायत."