वर्षअखेरचा रंग

विसराळू म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या त्या संस्थेच्या भिंतींना दर वर्षी नवा रंग लागायचा, गरज असो वा नसो. कारण एकच. वर्षअखेरीस खात्यात पैसा उरलेला संस्थापक काकांना खपत नसे. "लोकांनी सेवेसाठी दिलाय, साठवायला नाही. उरला तर आपण चोर!" असं म्हणत ते रंगाऱ्याला बोलावत, पडदे बदलत, खुर्च्या आणत. खुर्च्या तर इतक्या झाल्या की म्हाताऱ्यांना चालायला वाट राहिली नाही.

कारभार काकांची पुतणी बघायची. मागच्या वर्षी ऑडिटरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, संस्थेनं कमवायला बंदी नाही, शिल्लक ठेवायलाही नाही. आपसांत वाटून घ्यायची नाही, एवढंच. अडीअडचणीला टाका की बाजूला!"

तिला ते पुरतं पटलं होतं. पण ज्यांनी लहानाचं मोठं केलं त्या काकांपुढे तोंड कोण उघडणार? तिनं मुकाट्यानं रंगाऱ्याला पुढच्या वर्षाचेसुद्धा पैसे आगाऊ देऊन टाकले. खातं कसं धुऊन पुसून लख्ख!

आणि यंदा मोठ्या देणगीदारानं हात आखडता घेतला. तिनं उंबरठे झिजवले, लोकांच्या हातापाया पडली. खुर्च्या विकायला काढल्या, तर भंगारवाला नाक मुरडून गेला. मंजूर झालेलं अनुदान यायला अजून काही महिने होते. तेवढेच काढायचे होते, आणि तेवढेच निघेनात.

आज संस्थेचा शेवटचा दिवस. मुलं, सुना तोंडं पाडून आपापल्या म्हाताऱ्यांना न्यायला येत होती. एक सून कोपऱ्यात फोनवर साहेबांकडे रजेसाठी गयावया करत होती. तेवढ्यात शिडी घेऊन रंगारी दारात हजर.

"ताई, पैसे घेऊन बसलोय कधीचा. कुठून सुरू करू?"

"परत मिळतील का हो ते?" तिनं कसंबसं विचारलं.

"माल आणलाय की सगळा. दुकानदार थोडाच परत घेतोय?" तो ओशाळून म्हणाला आणि त्यानं डबा उघडला.

खिडकीशी काका बसले होते. वर्षभरात तेही इथलेच एक झाले होते, पुतणीलाही ओळखत नव्हते. उद्यापासून त्यांना कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हे तिलाही सुचत नव्हतं. रंगाचा वास येताच काका ताठ बसले.

"वर्ष संपलं वाटतं, बाई. काही उरलं नाही ना?"

तिला रडू आवरेना.

"नाही काका. काहीच उरलं नाही."

"शाब्बास!" म्हणत काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली.