खालच्या अंगाला

“बोलले कसं, त्ये सांगा. जसंच्या तसं.”

मायाने तिसऱ्यांदा विचारलं. मारुतराव डोकं खाजवत राहिले. ते तिच्या नवऱ्याचे, बन्सीचे, कारखान्यातले सुपरवायझर, मूळचे पाटसचे. रविवारी डोंगरावरून बन्सीचा फोन त्यांनाच लागला होता, तोही जेमतेम अर्धं मिनिट.

“पाय मोडलाय, टाक्याच्या खाली हाय म्हनला, वहिनी. मग कट झाला.”

“खाली म्हनले?”

“खाली... न्हाई, खालच्या अंगाला म्हनला. एकच की त्ये.”

माया ताडकन उठली.

माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्याखालची दरी शोधपथकाने तीन दिवस पिंजून काढली होती. आज दुपारी दोर गुंडाळून परतायचं ठरलं होतं.

बन्सी शिक्रापूरला बावीस वर्षं लेथ मशीनवर होता. कोथिंबीर आणायला धाडला तर मेथी घेऊन येणारा माणूस, पण डोंगरात कधी चुकला नव्हता. दर सुट्टीला एकटाच निघायचा. माया डोंगराला सवत म्हणायची आणि त्या सवतीकडे जाताना दशम्याही बांधून द्यायची. आता पायथ्याच्या गावात जो तो म्हणत होता, एवढा अनुभवी माणूस आणि वाट चुकला. ते तिला फार झोंबत होतं.

पथकाचा प्रमुख रुद्र तिशीतला होता. तो समजुतीने म्हणाला, “ताई, खालचा सगळा भाग बघून झालाय.”

“तुमचं खाली निराळं. आमच्या इनामगावात घोडनदी जाती तिकडं खालचं अंग. उगवतीला. घरात फळीवरचा डबासुदिक आमी तसाच सांगतो.”

“उगवतीला नुसता कडा आहे. तिकडे कोणी जात नाही.”

“म्हनूनच ह्ये गेले असतील. तुमी येनार नसाल तर दोर द्या. मी जाते.”

रुद्रने दोर खांद्यावर टाकला.

अकराच्या सुमारास ते टाक्यापाशी पोचले. तिथून उगवतीला, त्याच पातळीवर, साठेक पावलांवर, पण कड्याच्या वळणाआड, टाक्यावरून न दिसणाऱ्या करवंदीच्या जाळीला कंपनीचा निळा शर्ट बाह्यांनी बांधलेला होता. त्याच्या मागे, कपारीत, बन्सी दगडाला टेकून बसला होता. मोडलेल्या पायाला काठी आणि पट्टा आवळलेला. शेजारी बूट जोडीने ठेवलेले, बाटली रिकामी. तोंड टाक्याकडे, माणसं जिकडून येणार तिकडे.

रुद्रने त्याच्या मानेला हात लावला आणि नकारार्थी डोकं हलवलं. “पहिल्या दिवशीच इकडे आलो असतो तर...”

माया खाली बसली. पदराने तिने नवऱ्याचा चेहरा पुसला आणि मोठ्याने रडली. बराच वेळ कोणी तिला अडवलं नाही.

मग रुद्रने वॉकीटॉकी उचलला. “सापडले. टाक्याच्या पूर्वेला...”

“पूर्वेला नगं,” माया डोळे पुसत म्हणाली. “त्यांनी सांगितलं तसं सांगा.”

रुद्रने पुन्हा बटण दाबलं.

“टाक्याच्या खालच्या अंगाला,” तो म्हणाला. “त्यांनी सांगितलं होतं तिथेच.”